पाक्षिक ‘तारीख’ची निरवानिरव

लिहून ठेवणार : बद्रीनाथ गणपत घोलप, वय ६६, धंदा वकिलांसाठी पाक्षिक काढणे व वकिलांची बोलणी खाणे, राहणार बिबवेवाडी, पुणे ३७.

येत्या सोमवारी, दिनांक १३ ऑक्टोबर २००३ रोजी, माझ्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया ठरली आहे. सर्जन म्हणाले, “काळजी करू नका, हल्ली हे अगदी रूटीन आहे.” रूटीन म्हणून बोर्डावर लागलेली आणि बावीस वर्षे चाललेली प्रकरणे मी पाहिली आहेत. म्हणून हे मृत्युपत्र.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमचे नेहमीचे डॉ. भीमराव ओव्हाळ यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दाखल्यातली शुद्धलेखनाची चूकही दाखवली. त्यावर ते म्हणाले, “पुरे, खात्री पटली.” हे मृत्युपत्र मी राजीखुषीने लिहीत आहे. दडपण आणण्याचा एक प्रयत्न झाला, त्याची हकीकत पुढे येईल.

यापूर्वी १९८८ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही माझी पत्नी इंदुबाई हिला दिले होते. ती १९९२ साली माझ्याआधी गेली. माझे वेळापत्रक तिने संसारात कधी पाळले नाही, तेव्हा यातही आश्चर्य नाही.

कलम १. बिबवेवाडीतील दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेली सदनिका माझी स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित मिळकत काहीही नाही. वडील नाना पेठेतल्या भुसार बाजारात हमाल होते. त्यांच्याकडून मला रुंद खांदे मिळाले आणि ते मी आयुष्यभर खुर्चीत वाया घालवले. सदर सदनिका माझा एकुलता एक मुलगा शंभू यास द्यावी. इमारतीखालील माझ्या स्कूटरच्या जागेवर सोसायटीचे अध्यक्ष बापूराव रासकर गेली नऊ वर्षे कुंड्या ठेवत आहेत. कुंड्या शंभूने हलवाव्यात. तुळशीची तेवढी राहू द्यावी, तिचा काही गुन्हा नाही.

कलम २. इंदुबाईच्या पाटल्या आणि मोहनमाळ सूनबाई नम्रता हिला द्यावी. नम्रता संगणकाच्या कंपनीत काम करते, दिवसभर अमेरिकेतल्या लोकांशी इंग्रजीत बोलते आणि घरी आल्यावर माझ्याशी मराठीत भांडते. हे प्रमाण असेच ठेवावे.

कलम ३. आता मुख्य मिळकतीकडे येतो. ती म्हणजे पाक्षिक ‘तारीख’, त्याचे नाव, अंक, शिवाजीनगर कोर्टाजवळच्या गल्लीतील कार्यालयाचे सामान आणि निकालांची अडतीस हजार सूचीकार्डे.

‘तारीख’ मी १९७९ साली सुरू केले. मी वकील नाही. एलएल.बी.च्या परीक्षेला दोनदा बसलो. निकाल विचारणाऱ्यांना मी आजवर “बसलो” एवढेच उत्तर दिलेले आहे. पण तेव्हा वरच्या कोर्टाचा एखादा निकाल तालुक्याच्या वकिलापर्यंत पोचायला वर्ष जायचे, आणि विद्यार्थ्याला तो पाहायचा तर ग्रंथपालाचा स्वभाव चांगला असावा लागायचा. मी महत्त्वाचे निकाल सोप्या मराठीत, दोन दोन परिच्छेदांत छापू लागलो. सोबत नव्या नेमणुका, परीक्षांच्या तारखा, अर्जांचे नमुने आणि कोणत्या कोर्टाच्या कॅन्टीनचा चहा टाळावा याची माहिती असे. शेवटचे सदर सर्वांत आधी वाचले जाई.

अक्षरजुळणीला पहिल्या वर्षापासून सिराज अब्दुल रज्जाक तांबोळी होते. त्यांची चौथी पिढी पुण्यातल्या छापखान्यांत आहे. खिळे जुळवताना ते उलटे मराठी जितके भरभर वाचत, तितके सुलटे आमचे वर्गणीदार वाचत नसत. १९९५ साली मी संगणक घेतला. लोक म्हणाले, आता सिराजचे काय? सिराजभाई पंधरा दिवस त्या यंत्रासमोर हाताची घडी घालून बसले आणि सोळाव्या दिवशी त्यांनी अख्खा अंक त्यावर काढला. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा म्हणून ते मला काका म्हणतात. गणिताच्या दृष्टीने ते चूक आहे. मी दुरुस्त केले नाही.

कलम ४. पुढील हकीकत मी मृत्युपत्रात मुद्दाम घालतो, कारण मिळकत कोणाला व का दिली हे त्यावाचून समजणार नाही.

दर जानेवारीत आम्ही मुदतींचा तक्ता छापत असू. कोणता दावा, कोणते अपील किती दिवसांत दाखल करायचे, हे एका पानावर. नवे वकील तो पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलामागे टांगत. जानेवारी १९९६ चा अंक छपाईला जाण्याच्या दुपारी सिराजभाई म्हणाले, “काका, तक्ता संगणकावर पहिल्यांदा केलाय. एकदा बघून घ्या.”

मी म्हणालो, “त्यात काय बघायचंय? दरवर्षी तोच तर असतो.”

आणि मी लक्ष्मी रोडला जाकीट शिवायला टाकायला गेलो. त्या महिन्यात माझा सत्कार होता.

दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायचे तर तीस दिवस मिळतात, उच्च न्यायालयात नव्वद. आमच्या तक्त्यात दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली होती. तसाच अंक गेला. माझा सत्कार झाला. जाकीट काखेत तंग होते.

त्या वर्षी सप्टेंबरात एक मुलगी कार्यालयात आली. अॅडव्होकेट भाग्यश्री कुदळे, सनद मिळून वर्षही झाले नव्हते. तिने पुठ्ठ्यावरचा तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

“सर, हे बरोबर आहे?”

मी बघितले. ते बोट अजून मला दिसते. नखाला शाई लागलेली होती.

तिची पक्षकार विमलाबाई शेलार. मंडईत पालेभाजी विकते, नवरा वारलेला, शुक्रवार पेठेत दोन खोल्या. खोल्या आपल्या आहेत म्हणून दिराने दावा लावला आणि जुलैत तो जिंकला. भाग्यश्रीने तक्ता पाहून नव्वद दिवस धरले आणि एकाहत्तराव्या दिवशी अपील घेऊन गेली. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वगळले तरी मुदत कधीच संपली होती. बेलिफ एकदा येऊन खोल्या बघून गेला होता.

अशा वेळी माणसाने काय बोलावे? मी बोललो ते असे : “कंपोझिटरने घोळ घातला, बाई. हल्ली ही यंत्रं.”

सिराजभाई शेजारच्या खोलीत होते, दार उघडे होते. त्यांनी संगणक बंद केला, त्यावर कापडी खोळ घातली, डबा उचलला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी निरोप पाठवला नाही, कारण काय निरोप पाठवायचा ते मला माहीत होते.

चौथ्या दिवशी भाग्यश्री विमलाबाईंना घेऊन आली. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, “तुमीच का ते छापणारे?”

“हो.”

“मला वाचता येत न्हाई. या पोरीनं वाचलं. तिला तुमच्या कागदानं फसवलं. आता दुसरा कागद नगं. साहेबापुढं उभं ऱ्हावा आन तोंडानं सांगा.”

माझ्या ओळखीच्या तीन ज्येष्ठ वकिलांनी मला तसे न करण्याचा सल्ला दिला. पाक्षिकाची अब्रू जाईल, म्हणाले. तिघेही फुकट अंक घेत असत. मी विलंब माफीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र दिले आणि जानेवारी १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयात साक्षीला उभा राहिलो. दिराचे वकील होते अॅडव्होकेट तात्याराव जगदाळे. पुण्यात त्यांच्या उलटतपासाला लोक बसायला येत. त्या दिवशीही आले होते. निम्मे माझे वर्गणीदार होते.

तात्यारावांनी विचारले, “आपण वकील आहात?”

“नाही.”

“कायद्याची पदवी?”

“परीक्षेला दोनदा बसलो.”

“उत्तीर्ण झालात?”

“बसलो, एवढंच म्हणालो.”

मागे हशा झाला. तात्यारावांनी तो संपू दिला. “सदर तक्ता कोणी जुळवला?”

“सिराज तांबोळी यांनी.”

“म्हणजे चूक त्यांची.”

इथे त्यांनी मला दार उघडून दिले होते. चार महिन्यांपूर्वी मी त्याच दाराने बाहेर पडलो होतो.

“नाही,” मी म्हणालो. “ते मला म्हणाले होते, एकदा बघून घ्या. बघणं माझं काम. मी बघितलं नाही. नंतर चूक त्यांच्यावर ढकलली, तेही खोटं होतं.”

“का बघितलं नाही?”

“मला जाकीट शिवायला टाकायचं होतं.”

“जाकीट?”

“माझा सत्कार होता. आपणच अध्यक्ष होता, साहेब.”

आता न्यायाधीशसुद्धा मान खाली घालून काहीतरी लिहू लागले. तात्याराव म्हणाले, “नो फर्दर क्वेश्चन्स,” आणि बसले. नंतर युक्तिवादात त्यांनी मला रद्दीवाला म्हटले. हुकूम असा झाला की, वकिलाने तक्ता न पाहता मूळ कायदा पाहायला हवा होता; परंतु जिला वाचता येत नाही, तिने त्याची शिक्षा भोगू नये. विलंब माफ. दिराला खर्च द्यावा. तो मी दिला.

पुढे अपील तीन वर्षे चालले. मागची खोली आणि मोरी विमलाबाईंकडे राहिली, पुढची खोली दिराला गेली. मला फार वाईट वाटले. बाई म्हणाल्या, “जाऊ द्या. फुडच्या खोलीत ऊनच लई यायचं.” त्या आजही तिथे राहतात. दर मंगळवारी कार्यालयात मेथीची जुडी ठेवून जातात. मला मेथी आवडत नाही. हे त्यांना कोणीही सांगू नये.

कलम ५. साक्षीनंतरच्या अंकात मी पहिल्या पानावर पूर्ण पान दुरुस्ती छापली. तक्ता काय चुकला, कोणामुळे, आणि खोटे कोण बोलले. सिराजभाई अजून परतले नव्हते; मधले अंक बाहेरून जुळवून घेतले, पण ते पान मी स्वतः दोन बोटांनी जुळवले. अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. हातात अंक आणि लाल पेन.

“काका, दुरुस्तीत सतरा चुका आहेत.”

“हं.”

“‘दिलगिरी’ची री तुम्ही ऱ्हस्व काढलीये.”

“सिराजभाई, मी तुमच्याबद्दल जे बोललो...”

“ते वाचलं. त्यात तीन आहेत.” त्यांनी खोळ काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली बसले. “सरका.”

त्या विषयावर आमचे झालेले हे संपूर्ण बोलणे. पुढच्या अंकापासून संपादक म्हणून दोघांची नावे छापली जाऊ लागली. बऱ्याच वकिलांनी वर्गणी बंद केली. राहिले त्यांनी आमच्या चुका शोधून पाठवायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी आम्ही ‘आमचं चुकलं’ हे सदर काढले. आता विद्यार्थी कॅन्टीनच्या चहाआधी तेच वाचतात. भाग्यश्री दर शनिवारी येऊन कायद्याचा मजकूर मूळ पुस्तकाशी ताडून बघू लागली. मी तिला तसे सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

कलम ६. आता दडपणाबाबत. माझा मुलगा शंभू सॉफ्टवेअरमध्ये आहे. १९९९ साली त्याने ‘तारीख’ची वेबसाइट करून दिली. उघडली की एक लाकडी हातोडा गरगर फिरे. मी म्हणालो, “अरे, आपल्या कोर्टात हातोडा नसतो.” तो म्हणाला, “बाबा, लोकांना पटकन कळतं.” काय कळते, ते मला अजून कळलेले नाही. पण गडचिरोलीच्या एका विद्यार्थ्याचे पत्र आले, की गावात अंक येत नाही, सायबर कॅफेत बसून निकाल वाचतो. तेव्हापासून हातोड्याबद्दल मी बोलणे सोडले.

गेल्या वर्षी शंभूने परगावच्या एका कंपनीचा माणूस घरी आणला. त्यांना सर्व कार्डे, अंक आणि नाव विकत हवे होते. माणूस तरुण होता, टाय लावून आला होता, आणि आमच्या सूचीचे त्याने मनापासून कौतुक केले. मी विरघळत चाललो होतो, हे कबूल करतो. मग मी विचारले, “तुमच्या साइटवर काही चुकीचं गेलं आणि कोणाचं घर गेलं, तर कोर्टात कोण उभं राहील?”

तो हसून म्हणाला, “सर, डोन्ट वरी, आमचं डिस्क्लेमर असतं.”

मी चहा पाजून त्याची बोळवण केली. शंभू फार चिडला. “बाबा, हा डेटा आहे, रद्दी नाही! तुमच्यानंतर त्या कार्डांना कोण विचारणार? वाळवी?” मग म्हणाला, “मी तुमचा मुलगा आहे. सिराजकाका नाहीत.” त्यानंतर आम्ही तीन आठवडे नम्रतामार्फत बोलत होतो.

शंभू, तुझे एक म्हणणे बरोबर आहे. तो डेटाच आहे. तू मुलगा आहेस, म्हणून घर तुला दिले. पण कार्डे ज्यांनी जुळवली आणि ज्यांनी तपासली, त्यांना दिली. रागावून घे. तुझ्या आईचा राग साधारण आठ दिवस टिकायचा, तुला तीन आठवडे लागतात. ती वाढ माझ्याकडची आहे.

तरी पाक्षिक ‘तारीख’, त्याचे नाव, कार्डे, अंक, वेबसाइट आणि कार्यालयातील सर्व सामान मी सिराज अब्दुल रज्जाक तांबोळी व अॅडव्होकेट भाग्यश्री कुदळे यांना निम्मे निम्मे देतो. अटी दोन. विद्यार्थ्याला निकाल फुकट वाचता यावा. आणि चुकले तर नाव छापून सांगावे, स्वतःचे. पटत नसेल तर बंद करावे, पण डिस्क्लेमर घालू नये.

कलम ७. किरकोळ. कायद्याचा जाड शब्दकोश सिराजभाईंची मुलगी मेहजबीन हिला द्यावा. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेला नुसती बसणारी वाटत नाही. माझी मोठी काळी छत्री विमलाबाईंना द्यावी, त्यांच्या गाळ्यावर पश्चिमेचे ऊन येते. १९९६ सालचे न खपलेले अंक, वजन सुमारे दीड क्विंटल, अॅडव्होकेट तात्याराव जगदाळे यांना द्यावेत. त्यांनीच मला रद्दीवाला ठरवले आहे, तेव्हा माल त्यांच्या घरी पोच करावा. ते जाकीट गरजूला द्यावे. गरजू बारीक असावा.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्था भाग्यश्रीने पाहावी. डोळे, उपयोगाचे असल्यास, दान करावेत. दहावा, तेरावा काही करू नये. शोकसभा घेतल्यास भाषण पाच मिनिटांचे असावे आणि कोणी मला ‘कायद्याचा चालताबोलता ज्ञानकोश’ म्हटल्यास त्याला खाली बसवावे.

कलम ९. हे शेवटचे, काल दुपारी घडल्यामुळे घालत आहे.

भाग्यश्री रुग्णालयाचे कागद घेऊन घरी आली होती. सिराजभाई आत फोनवर रक्तदाते जमवत होते. सोमवारी कामगार न्यायालयात तिच्या पक्षकाराची साक्ष आहे. पिंपरीच्या एका कारखान्यातून काढून टाकलेला कामगार आहे. काम गेल्यावर गावी अकोल्याला गेला, तिथून येणार आहे. चार वर्षांनी साक्षीचा नंबर लागला आहे.

ती म्हणाली, “सर, मी सोमवारी एक तारीख मागून घेते. समोरचेही हरकत घेणार नाहीत. कारणच तसं आहे.”

“ते कारण म्हणजे मी,” मी म्हणालो. “मला विचारलंस?”

“अहो, एका तारखेने काय होतं?”

“तो माणूस अकोल्याहून बसने येणार. त्याला काय सांगशील? परत जा, पाक्षिकवाला आजारी आहे?”

तिने हातातले रुग्णालयाचे कागद टेबलावर आपटले. मग ओढणीने डोळे पुसून रागातच म्हणाली, “आणि तुमच्याजवळ कोण थांबणार?”

आतून सिराजभाई ओरडले, “मी काय मेलोय?” मग त्यांना आपण काय बोललो ते कळले आणि ते पुन्हा फोनवर बोलू लागले, जरा जास्तच मोठ्याने.

तरी लिहून ठेवतो की, सोमवारी माझे काहीही झाले तरी माझे कारण सांगून कोणीही कोर्टात तारीख मागू नये. अकोल्याच्या त्या माणसाची साक्ष सोमवारीच व्हावी आणि पुरी व्हावी. ती संपल्यावर भाग्यश्रीने सावकाश जेवून रुग्णालयात यावे. तोवर मी थांबण्याचा प्रयत्न करीन. नाही जमले तर तिने मनाला लावून घेऊ नये.

येणेप्रमाणे नऊ कलमे मी स्वतः सांगितली, सिराजभाईंनी टंकित केली, मला मोठ्याने वाचून दाखवली आणि मी स्वतः पुन्हा वाचली. प्रत्येक पानावर सही केली आहे.

ठिकाण : बिबवेवाडी, पुणे
दिनांक : ९ ऑक्टोबर २००३, गुरुवार

(सही) बद्रीनाथ गणपत घोलप

साक्षीदार, ज्यांच्यासमोर लिहून ठेवणाराने सही केली व ज्यांनी त्याच्यासमोर सह्या केल्या :

१. (सही) डॉ. भीमराव ओव्हाळ, बिबवेवाडी. लिहून ठेवणारा पूर्ण शुद्धीवर आहे, जरुरीपेक्षा जास्त.

२. (सही) बापूराव रासकर, अध्यक्ष, सोसायटी. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, म्हणून मला साक्षीला बोलावले, असे सांगण्यात आले. कुंड्यांचा मजकूर मला मान्य नाही. घोलप शस्त्रक्रियेनंतर धडधाकट परत यावेत, म्हणजे तो विषय समोरासमोर मिटवता येईल.